क्रमवारी छापता, मग रिकामा रकाना का नाही?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या अंकात दर काही आठवड्यांनी एक बातमी येते. कुठल्या तरी जागतिक निर्देशांकाचा अहवाल प्रसिद्ध झालेला असतो. विकास, कारभार, आरोग्य, पर्यावरण, यांपैकी काहीतरी. मथळा ठरलेला : अमुक देश इतक्या स्थानांनी घसरला, तमुक इतक्या स्थानांनी वर गेला. शेजारी चौकट, चौकटीत पहिले पाच आणि शेवटचे पाच. दुसऱ्या दिवशी त्यावर अग्रलेख, तिसऱ्या दिवसापासून आमच्यासारख्यांची पत्रं. कुणी लिहितं, लाज वाटली पाहिजे. कुणी लिहितं, हा परदेशी संस्थांचा डाव आहे. दोघांनीही मूळ अहवाल उघडलेला नसतो, हे मी पैज लावून सांगते. मीही तो दर वेळी उघडते असं नाही. पण उघडला की आधी शेवटची पानं काढते, जिथे बारीक टाइपात लिहिलेलं असतं की हा आकडा मुळात आला कुठून. खोड नोकरीतली आहे, निवृत्तीनंतरही गेली नाही.

तीस वर्षं मी आकड्यांत घालवली. पहिली तीन घरोघर फिरून आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या भरण्यात, उरलेली सत्तावीस एका संशोधन संस्थेच्या संगणक खोलीत. तिथे पदाचं नाव तीनदा बदललं, काम तेच राहिलं. डाव्या बाजूला वरपासून खाली देशांची नावं, वरच्या ओळीत निर्देशक, आणि मध्ये हजारो चौकोन. ते चौकोन भरायचे, तपासायचे, जुळवायचे. निष्कर्ष काढणारी माणसं वेगळी होती, त्यांची नावं शोधनिबंधांवर छापून आली. मला निष्कर्षांतलं फारसं कळतं असा दावा नाही. चौकोनांतलं मात्र कळतं, आणि तेवढ्यापुरतंच हे पत्र आहे.

कामावर नवीन मूल आलं की मी त्याला नामिबियाची गोष्ट सांगायचे. प्रत्येक देशाला आंतरराष्ट्रीय संकेताक्षरं असतात. नामिबियाची दोन अक्षरं आहेत ‘एन’ आणि ‘ए’. आता गंमत अशी की, आम्ही वापरत असू त्या सॉफ्टवेअरमध्ये हीच दोन अक्षरं ‘माहिती उपलब्ध नाही’ या अर्थाने धरली जातात. तक्ता आत घेतला की संगणक नामिबियाच्या ओळीवर येतो, अक्षरं वाचतो आणि ठरवून टाकतो की इथे देशच नाही. चूक झाल्याचा निरोप नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. देश गळतो. एकदा आमच्या प्राध्यापकांनी विचारलं, ‘यादीत एक कमी कसा?’ अर्धा दिवस मी डोळ्यांत तेल घालून शोधत होते. सापडल्यावर आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा आला, कारण त्याआधीचे दोन तक्ते मी तसेच पुढे पाठवले होते. चार जणांनी ते वापरले होते. एकालाही नामिबियाची आठवण झाली नव्हती.

अशा जागा पुष्कळ. काँगो दोन आहेत. नायजर आणि नायजेरिया नकाशावर शेजारी, यादीतही शेजारी. एक ओळ खाली सरकली की एकाची मेलेली मुलं दुसऱ्याच्या नावावर. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी वेगळा झाला, मग २००५ चा ‘सुदान’ कुणाचा धरायचा? जागतिक बँकेच्या मुख्य तक्त्यात तैवानला ओळच नाही. दोन कोटींहून जास्त माणसं राजकारणापायी तक्त्याबाहेर. हे वाचून आपल्याला वाटेल की बाई कारकुनी चुकांचं रडगाणं गातेय. पण कारकुनी चुका फक्त कारकुनांच्या हातून होत नाहीत.

२०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की प्रगत देशांची वाढ खुंटते, सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येते, असं त्यात होतं. सरकारांनी हात आखडता घ्यावा म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी तो निबंध डोक्यावर घेतला. २०१३ मध्ये अ‍ॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तोच निकाल पुन्हा काढायला बसला. काही केल्या आकडा जुळेना. शेवटी २०१३ मध्ये लेखकांनी त्याला आपली एक्सेलची फाइल पाठवली. सरासरीचं सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत ओढायचं, ते ४४ व्या ओळीवर थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क, पाच देश बाहेर. सुधारलेली सरासरी निघाली अधिक २.२.

ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे, आणि ऐकणारा पाच ओळींवर हसून थांबतो. खरी मेख मात्र ओळींत नव्हती. त्या पाच ओळींनी आकडा थोडासाच हलला. काही देशांची काही वर्षं वगळली होती, आणि त्याहून मोठी गोष्ट होती वजनाची. त्या जास्त कर्जाच्या गटात न्यूझीलंडचं एकच वर्ष होतं, १९५१, वाढ उणे ७.६ टक्के. ब्रिटनची होती १९ वर्षं, सरासरी अधिक २.४. दोघांना सारखंच वजन. म्हणजे एका देशाचं एक वाईट वर्ष आणि दुसऱ्याची १९ बरी वर्षं तराजूत समान. हे सूत्राच्या चुकीने झालं नाही. तसं करायचं असं ठरवलं म्हणून झालं, आणि ते ठरवलेलं वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तपासलं.

देशांची तुलना करताना हे ‘ठरवणं’ टळत नाही. आलेखावर प्रत्येक देश म्हणजे एक ठिपका. तुवालूत दहा-अकरा हजार माणसं राहतात, भारतात १४० कोटी. ठिपके सारखेच. मग ‘जगात अमुक वाढलं’ म्हणताना जगातले देश मोजायचे की जगातली माणसं? दोन्ही बरोबर आहेत, उत्तरं मात्र कधी कधी उलटी येतात.

त्याहून जुना एक प्रश्न आहे. १८८८ साली एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने लंडनला सुमारे ३५० समाजांच्या विवाहपद्धतींची तुलना मांडली. तेव्हा फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने विचारलं, यांतले किती समाज एकमेकांपासून स्वतंत्र आहेत? शेजाऱ्याकडून उचललेली रीत असेल तर ती दोनदा मोजायची का? (गाल्टनची वंशसुधारणेची मतं विषारी होती, आणि त्यांची किंमत जगाने मोजली. हा प्रश्न मात्र चोख होता.) देशांनाही तो लागू पडतो. एकाच साम्राज्यातून सुटलेले, एकाच कायद्याच्या नकला वापरणारे, एकाच नदीचं पाणी पिणारे डझनभर देश म्हणजे खरोखर बारा पुरावे, की एकच पुरावा बारा वेळा?

राष्ट्रीय उत्पन्नाचं सांगते, कारण विकासाच्या पुष्कळ गुणोत्तरांत भाजक तेच असतं. नोव्हेंबर २०१० मध्ये घानाने आपल्या हिशेबाचं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती आणि धंदे धरून उत्पन्न मोजतात ते वर्ष) १९९३ वरून २००६ वर आणलं आणि उत्पन्न सुमारे ६० टक्क्यांनी फुगलं. आदल्या रात्री गरीब देशांत झोपलेला घाना सकाळी निम्न-मध्यम उत्पन्नाच्या गटात जागा झाला. नायजेरियाने ६ एप्रिल २०१४ ला तेच केलं. आधारवर्ष १९९० होतं, ते २०१० झालं. जुन्या हिशेबात मोबाइल फोनचा आणि तिथल्या सिनेधंद्याचा जवळजवळ पत्ताच नव्हता. उत्पन्न ८९ टक्क्यांनी वाढलं, दक्षिण आफ्रिका मागे पडली. तो रविवार होता, मला आठवतं, कारण सोमवारी आल्या आल्या आमचे सगळे तक्ते कोलमडले होते. उत्पन्नाशी कर्जाचं प्रमाण उतरलं. उत्पन्नाशी कराचं प्रमाण उतरलं, म्हणजे कागदावर सरकार वसुलीत आणखी नालायक ठरलं. आणि उत्पन्नाच्या दर एककामागे होणारं कर्बउत्सर्जन जवळजवळ निम्म्यावर आलं. एका रविवारी. एकही धुराडं बंद न होता नायजेरिया पर्यावरणाच्या बाबतीत शहाणा झाला.

यात कुणी लबाडी केली नव्हती, उलट नवा हिशेब जुन्यापेक्षा खरा होता. पण त्या वर्षी नायजेरियाच्या ‘झेपे’विषयी कुणी लिहिलं असेल, तर ते झेपेविषयी नव्हतं, मोजपट्टीविषयी होतं.

कारभाराच्या निर्देशांकांबद्दल मी जपून बोलते, कारण तिथे मोजायला वस्तूच नसते. मूल मेलं की जगलं हे विचारता येतं. ‘कायद्याचं राज्य किती’ हे तराजूत कसं घालणार? जागतिक बँकेचे शासनविषयक निर्देशक १९९६ पासूनचे आहेत, सहा पैलू, आणि कच्चा माल बहुतांशी तज्ज्ञांची मतं, उद्योजकांची उत्तरं, पाहण्या. वर्षानुवर्षं त्यांत जगाची सरासरी दर वर्षी शून्यावर बसवलेली असायची. म्हणजे सगळ्या जगाचा कारभार एकदम बिघडला असता तरी सरासरी शून्यच दिसली असती. हे त्यांनी लपवलं नव्हतं. प्रत्येक आकड्याबरोबर तो किती इकडे-तिकडे असू शकतो याची मर्यादाही ते छापत आले आहेत. ती मर्यादा धरली तर आठ-दहा स्थानांच्या अंतरावरचे देश पुष्कळदा एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. आपल्या चौकटीत ती मर्यादा मी आजवर एकदाही पाहिलेली नाही.

लोकांना थेट विचारलं तर? तेही सरळ नाही. राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग आणि सहकाऱ्यांचा २००४ चा एक अभ्यास माझ्या फार आवडीचा. चीन आणि मेक्सिकोत लोकांना विचारलं होतं, तुम्हाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रश्नांत सरकारने लक्ष घालावं यासाठी तुमचं म्हणणं कितपत चालतं? मेक्सिकोत नुकताच, २००० साली, सात दशकं सत्तेत असलेला पक्ष मतपेटीतून पडला होता. तरी उत्तरांवरून दिसत होतं की चिनी माणसाला आपलं म्हणणं जास्त चालतं असं वाटतं. मग संशोधकांनी एक युक्ती केली. प्रत्येकाला काही काल्पनिक माणसांच्या छोट्या हकिकती सांगितल्या, कुणी मत देऊन सरकार बदलू शकतो, कुणी निमूटपणे सोसतो, आणि विचारलं, याचं किती चालतं? त्या पट्टीवर प्रत्येकाचं स्वतःबद्दलचं उत्तर ठेवलं तर चित्र पालटलं. ४० टक्क्यांहून जास्त चिनी उत्तरदात्यांनी स्वतःला निमूट सोसणाऱ्या माणसाच्याही खाली धरलं होतं. ‘बरंच चालतं’ या दोन शब्दांची लांबी दोन देशांत वेगळी होती, एवढंच.

आरोग्याचंही तेच. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की भारतात सर्वांत दीर्घायुषी केरळ, आणि आपण आजारी आहोत असं सांगणाऱ्यांचं प्रमाणही केरळातच सर्वाधिक. आयुर्मान कमी असलेल्या बिहारात आजार सांगणारे सर्वांत कमी. अमेरिकेत ते प्रमाण केरळपेक्षाही जास्त. ज्याला डॉक्टर भेटलेला असतो त्याला दुखण्याचं नाव माहीत असतं. नुसती उत्तरं बघून क्रमवारी लावली तर बिहार निरोगी ठरेल.

पर्यावरणाकडे वळते. येल आणि कोलंबिया विद्यापीठांच्या पर्यावरण कामगिरी निर्देशांकात २०२२ साली भारत १८० देशांत १८० वा आला. २०२० मध्ये १६८ वा होता. ‘बारा स्थानांची घसरण’ बहुतेक वर्तमानपत्रांत होती. दोन वर्षांत हवा, जंगल, पाणी बारा पायऱ्या खाली आलं का? त्या वर्षी मोजणीत एक नवा निर्देशक आला होता : गेल्या दहा वर्षांतल्या उत्सर्जनाच्या कलावरून २०५० सालच्या उत्सर्जनाचा अंदाज. पर्यावरण मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, आणि हरकत अगदीच बिनबुडाची नव्हती. पुढे ओढलेली सरळ रेघ म्हणजे भविष्य नव्हे. पण माझं दुसरंही म्हणणं ऐका. मोजणीच्या पद्धतीत खोट निघाली म्हणून हवा स्वच्छ होत नाही. ‘निर्देशांक चुकीचा’ हे वाक्य सरकारांना फार सोयीचं असतं, आणि आपल्या पत्रलेखकांनाही.

जंगलाचं थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत अर्ध्या हेक्टरहून मोठी जागा, पाच मीटरहून उंच होणारी झाडं आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र (म्हणजे फांद्या-पानांनी झाकलेली जमीन) असलं की जंगल. रबराची लागवड यात बसते, तेलताडाची बसत नाही. तोड झालेली पण पुन्हा झाडं वाढणार असलेली जमीनही जंगलच धरली जाते. आकडे देश स्वतः कळवतात. उपग्रह जे बघतो ते वेगळं : त्याला छत्र दिसतं, हेतू दिसत नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की एकाच देशाचं जंगल एका रकान्यात वाढतं आणि दुसऱ्यात घटतं. मी दोन्ही रकाने ठेवायचे आणि खाली टीप द्यायचे. टीप छपाईत जायची नाही.

एवढं वाचून आपण म्हणाल, मग हा सगळा उद्योगच गुंडाळावा. मुळीच नाही. देशांची तुलना केली नसती तर काही गोष्टी कधीच कळल्या नसत्या. सॅम्युअल प्रेस्टन या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये देशांचं उत्पन्न आणि आयुर्मान एकाच आलेखावर मांडलं, वेगवेगळ्या दशकांसाठी वेगवेगळी वक्ररेषा. श्रीमंत देश जास्त जगतात हे दिसलंच. पण १९३० च्या दशकातली रेषा आणि १९६० च्या दशकातली रेषा एकावर एक बसत नव्हत्या. नवी रेषा वर सरकली होती. म्हणजे तेवढ्याच उत्पन्नात माणसं जास्त जगू लागली होती. आयुर्मानातली ७५ ते ९० टक्के वाढ देशाच्या स्वतःच्या उत्पन्नवाढीने समजावता येत नाही, असा त्यांचा अंदाज होता. लस, स्वच्छता, जंतूंविषयीचं ज्ञान, डासांचा बंदोबस्त, ही मंडळी सीमा ओलांडत होती. मी तो आलेख स्वतः पुन्हा काढून पाहिला आहे, हातातल्या तक्त्यावरून, दुपारच्या वेळी, कुणी सांगितलं नसताना. रेषा वर सरकताना बघून जो आनंद झाला तो पगारात मिळाला नाही.

१९८५ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने चीन, कोस्टारिका, श्रीलंका आणि केरळ अशा चार ठिकाणांचा अभ्यास समोर ठेवला : पैसा कमी, आरोग्य चांगलं. हे चारही ठिपके रेषेच्या बरेच वर होते म्हणून तर लक्ष गेलं. मुलींचं शिक्षण, जवळचा दवाखाना, गरिबालाही मागण्याची सोय, असली उत्तरं तिथे जाऊन शोधली गेली. तुलनेचं काम इतकंच : कुठे जाऊन बघायचं ते दाखवणं. पुढचं काम पायांनी करावं लागतं.

पायांवरून माझी पहिली तीन वर्षं आठवतात. आमच्या प्रश्नावलीत जन्मांचा पूर्ण इतिहास असायचा. १५ ते ४९ वयाच्या बाईला विचारायचं : आजवर किती मुलं झाली, कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी, आज हयात आहे का, नसेल तर गेलं तेव्हा वय काय. महिन्याच्या आत गेलं असेल तर वय दिवसांत लिहायचं, दोन वर्षांच्या आत असेल तर महिन्यांत, पुढचं वर्षांत. एका बाईने चार मुलं सांगितली, बोटांवर मोजून. नियम असा की दोन जन्मांच्या मध्ये अंतर जास्त दिसलं तर पुन्हा विचारायचं. मी विचारलं, ‘दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये आणखी कुणी झालं होतं का?’ तिचं बोट तिथेच थांबलं. ‘झालं होतं. पण ते नाही राहिलं. त्याला कुठे धरता?’ मला पुढचा प्रश्न विचारणं भाग होतं, कारण मूल रडलं असेल किंवा जिवंतपणाची दुसरी खूण दिसली असेल तरच तो जन्म धरायचा. ‘रडलं होतं का?’

‘रडलं होतं,’ ती म्हणाली. ‘तीन दिवस.’

नाव ठेवलेलं नव्हतं. नावाच्या जागी ‘बाळ’ लिहिलं, वयाच्या रकान्यात दिवसांपुढे ३. जिथे जन्म-मृत्यूची नोंद पुरी होत नाही, त्या देशांचा बालमृत्युदर अशा हजारो रकान्यांतून बनतो. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू १९९० मध्ये जगभरात सव्वा कोटीच्या आसपास होते, २०२२ मध्ये ४९ लाख झाले, पहिल्यांदाच ५० लाखांच्या खाली. हे आपल्याला कळतं ते कुणीतरी कुणाच्या तरी दारात बसून ‘मध्ये आणखी कुणी?’ असं विचारलं म्हणून.

आणि आता ज्या बातमीसाठी हे पत्र लिहायला घेतलं ती. अशा सर्वेक्षणांचा जगातला सर्वांत मोठा कार्यक्रम, डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे, १९८४ पासून अमेरिकी सरकारच्या पैशावर चालू होता. ९० हून अधिक देश, ४०० हून अधिक सर्वेक्षणं, सगळीकडे प्रश्न शक्य तितके सारखे, म्हणून तर तुलना करता येई. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि फेब्रुवारीत हे कामही थांबलं. काही ठिकाणी अर्ध्यावर. पुढे थोडं काम तगवायला खासगी देणगीदार आले, पण चाळीस वर्षांची घडी विस्कटली ती विस्कटली. आपल्या अंकात ही बातमी मी शोधली. असेल कुठे तर मला दिसली नाही. त्याच महिन्यांत क्रमवाऱ्यांच्या चौकटी मात्र नेमाने येत होत्या.

यापुढे काय होईल ते मला माझ्या खोलीतून दिसतं. तक्त्यात पांढरे चौकोन वाढतील, पण वाचणाऱ्याला ते दिसणार नाहीत. कारण रिकामा चौकोन रिकामा ठेवायची रीत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था दर वर्षी प्रत्येक देशासाठी आकडा काढतात. शेवटचं सर्वेक्षण दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी जुना कल पुढे ओढून, शेजाऱ्यांकडे बघून, गणिती प्रतिमानातून. ते काम प्रामाणिक आहे, मी जवळून पाहिलं आहे. अंदाजाची वरची आणि खालची मर्यादा ते सोबत देतात, माहिती जुनी होत जाते तशी ती मर्यादा रुंदावत जाते. पण वर्तमानपत्रात येतो तो मधला एकच आकडा, दशांश चिन्हासकट. त्या दशांश चिन्हाने फार लोकांना फसवलं आहे.

शिवाय चौकोन कुठलेही रिकामे होत नाहीत. लेबनॉनमध्ये शेवटची जनगणना १९३२ साली झाली, काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात १९८४ साली. ‘दरडोई’ म्हणून जे जे छापलं जातं, त्यातली डोकी तिथे अंदाजाची आहेत. जिथे युद्ध आहे, जिथे कारभार मोडला आहे, जिथे सरकारला आपली माणसं मोजायचीच नाहीत, तिथली माहिती आधी जाते. मग संशोधक पूर्ण माहिती असलेले देश तेवढे घेतो आणि ‘वाईट कारभाराचा आरोग्यावर परिणाम’ अभ्यासतो. सर्वांत वाईट कारभाराचे देश त्याच्या तक्त्यात नसतातच.

उसनवारीही चालते. वसाहती आणि संस्था (म्हणजे देशातले कायदे आणि कारभाराची घडी) यांवरचा डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांचा २००१ चा गाजलेला निबंध घ्या. या तिघांना २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यात गोऱ्या वसाहतकारांच्या मृत्युदराचे ६४ देशांचे आकडे होते. डेव्हिड अल्बुई या अर्थतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा त्यांतल्या ३६ देशांना दुसऱ्या देशांचे आकडे लावलेले निघाले. मूळ लेखकांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं, निष्कर्ष टिकतो असं त्यांचं म्हणणं आहे; त्या वादात पडायची माझी पात्रता नाही. पण ६४ चौकोन आणि ३६ उसने, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तेव्हा संपादक महोदय, मागणं छोटं आहे. पुढची क्रमवारी छापाल तेव्हा चौकटीखाली एक ओळ द्या : यादीतल्या किती देशांचा आकडा प्रत्यक्ष मोजणीतून आला, किती देशांचा अंदाजाने, आणि मोजणी कोणत्या वर्षातली. अहवालाच्या परिशिष्टात ते बहुधा असतं. नसेल, तर ‘दिलेलं नाही’ असं छापा. मोजणीची पद्धत त्या वर्षी बदलली असेल तर ‘घसरला’ हा शब्द मथळ्यात घेऊ नका. जागेची अडचण असेल तर शेवटच्या पाच देशांऐवजी शेवटचे तीन छापले तरी चालेल; शेवटच्या पाचांत कोण असणार हे वाचकाला न वाचताही ठाऊक असतं.

आपल्या उपसंपादकांपैकी कुणाला परिशिष्ट वाचायचा कंटाळा येत असेल तर माझ्याकडे वेळ आहे. चष्म्याचा नंबर वाढला आहे, पण बारीक टाइप अजून वाचता येतो.

आपली,
एक वाचक
(निवृत्त माहिती सहायक, नाव व पत्ता आपल्याकडे आहे)

ता. क. : गेल्या महिन्यातल्या आपल्या तक्त्यात देशांचे क्रमांक सलग होते, पण मी नावं मोजली तर एक कमी भरलं. कोणता देश असेल ते मी आधी बघितलं. नामिबिया होता यादीत. दुसराच कुणीतरी गळलाय.